मावशी, ते दहा रुपये आणि बाकी सगळं

मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मधला एकही शब्द गाळायचा नाही, असं तिला बजावलंय. चार लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आपल्या गल्लीतसुद्धा कुणाला ठाऊक नाही. पंचवटीतली एक बाई तुमच्या भाजीच्या गाडीपाशी रोज जरा जास्तच वेळ उभी असते, एवढंच लोकांनी पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानात गल्ल्यावर बसायचे. एका संध्याकाळी हिशेबात चारशे रुपये कमी भरले. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पैसे भरून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडे गेले नाही. पुढे पुढे तर कुठेच जाईना. दूध, किराणा, भाजी सगळं माझा मुलगा चिठ्ठी घेऊन आणायचा. सुटे पैसे मोजायला घेतले की माझी बोटं थरथरायची. घरचे म्हणायचे, "अगं, तू एवढी हुशार, घाबरतेस कसली?" ते मायेनेच म्हणायचे, पण ते ऐकून मी आणखी आक्रसायचे.

तुम्ही मला हुशार म्हणाला नाहीत. तुम्ही मुलाला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवलंत. "आईला धाड. मेथी ज्याची त्यानं निवडून न्यावी." मला राग आला होता, मावशी. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं, दुसऱ्या दिवशीही पिठलंच. तिसऱ्या दिवशी मी चपला घातल्या.

तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, "रोज यायचं. एक भाव विचारायचा, घ्यायचं असो नसो." पहिला आठवडा मी तेवढंच केलं. मग तुम्ही हिशेब माझ्याकडून तोंडी करून घ्यायला लागलात, मोठ्याने, शेजारची गिऱ्हाइकं ऐकत असताना. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो तसे मी न आलेले दिवस मांडत होते. ते ऐकून तुम्ही रागावलात. "खाडे कशाला मांडू राहिली? आलेले दिवस मांड." त्या महिन्याचं पान मी अजून जपून ठेवलंय. त्यावर एकोणीस टिंबं आहेत.

आणि ते दहा रुपये. साठ रुपयांची भाजी, मी दिलेली शंभराची नोट, आणि तुम्ही परत दिलेत तीस. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. मागे वळायचं धाडस झालं नाही. रात्रभर मनात तेच. दहा रुपयांचं काही नव्हतं. माझीच मोजण्यात चूक असली तर, याची भीती होती. सकाळी येऊन कसंबसं म्हटलं, "मावशी, काल दहा कमी आले." तुम्ही कनवटीची पिशवी सोडलीत, नोट माझ्या हातावर ठेवलीत आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणालात, "बरोबर हाय तुझं. हिशोब पक्का हाय पोरीचा." माझा हिशेब चुकला तो लोकांदेखत, आणि बरोबर ठरला तोही लोकांदेखत. घरी येऊन मी पोटभर रडले.

त्यानंतर तुम्ही मला मार्केट यार्डात नेलंत. तो गलका, लिलावाची बोली, ओल्या कोथिंबिरीचा वास. पालेभाजीचा भाव शेकड्यावर निघतो, शंभर जुड्यांचा. तुम्ही कानाशी विचारायचात, "शेकडा बाराशेला गेली. जुडी केवढ्याला पडली?" बारा. "त्यात हमाली घाल, रिक्षा घाल, सुकून जातील त्या जुड्या धर. आता इकायची केवढ्याला?" इथे मला घाई करून चालायचं नाही आणि भिऊनही चालायचं नाही. छातीत धडधडायचं. ते सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्यावर बी धडधडतं. तवा काय भेव वाटतं व्हय?" तेव्हापासून धडधड झाली की मी थांबते, श्वास सोडते आणि चालू लागते.

मधे दोनदा मी पुन्हा घरात बसले, एकदा तर अकरा दिवस. तुम्ही बोलवायला आला नाहीत. अकराव्या दिवशी मुलाच्या हाती एक गाजर पाठवलंत, फुकट, आणि निरोप काहीच नाही. ते का लागू पडलं, मला आजही सांगता येणार नाही.

मग चौकशीचे दिवस आले. जिथे जायची भीती वाटते तिथे जायचं, काही काम करायचं नाही, फक्त विचारून यायचं. बँकेत स्लिप कशी भरतात ते विचारलं. पोस्टात विचारलं. होळकर पुलावरून चालत रविवार कारंजा, तिथून सार्वजनिक वाचनालयात गेले. १८४० पासूनची ती संस्था. सभासद होण्यासाठी काय लागतं, एवढं विचारायला मी दाराशी दहा मिनिटं उभी होते. खिडकीतल्या माणसाने सरळपणे सांगितलं. काहीच झालं नाही! बाहेर येऊन मी ते स्वतःशी दोनदा म्हटलं. शेवटची चौकशी केली ती मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर. बारावीनंतर सुटलेलं शिक्षण तिथे पुन्हा सुरू झालं.

मावशी, पुढे वाचताना मला एक नाव सापडलं, अल्बर्ट बांडुरा. या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिलं होतं की, 'मला हे जमेल' हा भरवसा माणसाला चार वाटांनी मिळतो. स्वतः काम पार पाडून, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहून, कुणी धीर दिल्याने, आणि स्वतःच्या अंगातली धडधड, थरथर आपण कशी समजून घेतो त्यावरून. त्यात सगळ्यात पक्की वाट पहिली. मी ते पान उघडं ठेवून कितीतरी वेळ बसले होते. भाव विचारणं, यार्डातली तुमची बोली, "हिशोब पक्का हाय", पांडवलेणीच्या पायऱ्या, सगळं त्यात होतं. घरच्यांचं कौतुक मला का पुरलं नाही, तेही तेव्हा कळलं. त्यांनी धीर दिला. तुम्ही धीर दिलात, पण आधी हाताला काम दिलंत, आणि ते माझ्या पेलण्याइतकंच दिलंत.

गेल्या महिन्यापासून मी एका औषधाच्या दुकानात बिलं करते. नोटा दोनदा मोजते, दुसऱ्यांदा मोठ्याने. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नाही. दिवसाचा हिशेब आत्तापर्यंत एकदाच चुकला, सात रुपयांनी. मी स्वतःच मालकांना सांगितलं, दोघांनी मिळून शोधला, सापडला. त्या रात्री मला झोप लागली.

तुमचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून काय काय घडलं तेच लिहिलं. रविवारी मला सुट्टी असते. सकाळी येते, मेथीच्या दोन जुड्या ठेवा, निवडून मीच घेईन. आणि एक विचारायचं राहून गेलंय, ते तेव्हा विचारणार आहे. त्या दिवशी ते दहा रुपये तुम्ही चुकून कमी दिले होतेत, की मुद्दाम?

तुमची,
चिठ्ठीवाल्या पोराची आई