इराच्या गोळ्यांबद्दल

सांगली,
रविवार दुपार

प्रिय वसू,

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "अगं, दिवाळीपासून चालूच आहेत की त्या गोळ्या, मेडिकलवाला आता चिठ्ठीसुद्धा बघत नाही," आणि लगेच कैरीच्या लोणच्यावर गेलीस. मी हो हो करत राहिले, पण रात्री झोप लागेना. इराची मुरुमांवरची डॉक्सीसायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिकच की ती, दिवाळीपासून म्हणजे सहा महिने झाले, वसू! फोनवर अडवलं असतं तर तू चिडली असतीस, म्हणून लिहितेय. आधी वाच, मग चीड.

डॉक्सीसायक्लिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही घेतलीये. तिसाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर टपोरे, दुखरे मुरुम यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी हीच दिली होती, १०० मिलिग्रॅमची. आणि मी शहाणी, रात्री दिवा मालवता मालवता घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल टाकायची आणि आडवी व्हायची. एके दिवशी पहाटे छातीत मधोमध अशी कळ आली की वाटलं, संपलं सगळं. आवंढा गिळला तरी डोळ्यांत पाणी. तीन दिवस पेजेवर काढले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी किती प्यायलात?" ती कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि जखम करते. पूर्ण पेला पाणी प्यायचं आणि नंतर अर्धा तास तरी पाठ टेकायची नाही. इरा अभ्यास संपवून झोपताना घेते ना? आजच विचार तिला.

ती भर दुपारी स्कूटीवरून क्लासला जाते, तेही मनात आलं. या गोळीवर ऊन बाधतं, नाक आणि हातांची पाठ भाजल्यासारखी होते. आणि तू तिला रक्तवाढीची लोहाची गोळी देतेस, ती याच वेळी देऊ नकोस. लोह औषधाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

पण माझी झोप गेली ती या सहा महिन्यांमुळे. मुरुमांसाठी ही गोळी साधारण तीन महिने देतात, फार तर चार. मुरुम म्हणजे नुसता जंतूंचा उपद्रव नव्हे. आधी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या त्वचेचं बूच बसतं, मागे तेल साचतं, त्यात जंतू वाढतात, मग सूज आणि पू. गोळी जंतू आणि सूज आटोक्यात आणते, बूच काही काढत नाही. म्हणून थांबवली की पुन्हा येतात, आणि आपण म्हणतो, चला, अजून एक पाकीट. तोवर अंगातले बाकीचे जंतूही त्या औषधाला सरावतात, नुसते चेहऱ्यावरचे नाही, पोटातलेसुद्धा. उद्या खरंच मोठं दुखणं आलं तर हे औषध हाताशी हवं ना?

आता मी पैज लावते. त्या चिठ्ठीवर गोळीबरोबर एक ट्यूबही लिहिलेली असणार. इराने चार दिवस लावली, तोंड सोलवटलं, आणि ट्यूब कपाटात गेली. बरोबर? अगं, खरा उपचार ती ट्यूबच होती. गोळी तिच्या मदतीला दिलेली.

ट्यूब ॲडापॅलीनची, म्हणजे ते बूच सोडवणारी, असेल तर रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढंच घ्यायचं आणि सगळ्या तोंडाला पसरायचं. एकेका फोडावर टिंब देत बसायचं नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, वर साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीला जास्तच आल्यासारखे वाटतात, तिथेच मुली सोडून देतात. दोन-तीन महिन्यांआधी आरशाला काही विचारू नये. तुझी वहिनी न्यू जर्सीहून आणते ती हीच, ०.१ टक्क्याची, तिकडे २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. वेगळी जादू काही नाही त्यात.

बेन्झॉईल पेरॉक्साइड, म्हणजे जंतू मारणारं मलम, असेल तर अडीच टक्के पुरे. दहा टक्क्यांनी गुण वाढत नाही, आग वाढते. याची गंमत अशी की जंतू याला सरावत नाहीत, म्हणूनच ते गोळीच्या जोडीला देतात. क्लिंडामायसिनचं जेल मिळतं तेही अँटिबायोटिकच, नुसतं तेवढंच लावू नये. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश ब्लॅकहेड्सना बरा. लिंबू आणि टूथपेस्ट मात्र बंद. डाग पडतात आणि मुरुमांपेक्षा जास्त दिवस राहतात. वेणीच्या खोबरेल तेलाचे ओघळ कपाळावर येतात तेही बघ.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. मेडिकलवाल्याने "ही लावा, आठ दिवसांत चेहरा साफ" म्हणून काही दिलं तर आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन दिसलं तर ते स्टिरॉइड. माझ्या भाच्याला असंच दिलं होतं. आठवडाभर पोरगा चकाचक, थांबवल्यावर तोंड लालबुंद, आधीच्या दुप्पट फोड, आणि उन्हात उभं राहवेना. वर्ष गेलं निस्तरण्यात. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीवरच द्यायची असं ठरवलं, पण काउंटरवर कोण विचारतंय!

तेव्हा या आठवड्यात तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे ने, जुनं पाकीट घेऊन. पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांग. खड्डे पडायला लागले असतील तर ते कदाचित आयसोट्रेटिनोइन, म्हणजे जबर मुरुमांवरचं पोटात घ्यायचं औषध, सुचवतील. त्याच्या रक्ततपासण्या आणि बाकीचे नियम ते सांगतीलच, पण डॉक्सीसायक्लिन त्याच्याबरोबर चालू ठेवायची नाही, डोक्यातला दाब वाढतो. मैत्रिणीची उरलेली पाकिटं वगैरे तर नकोच.

चिठ्ठीचा फोटो पाठव. पैज हरले तर लोणच्याची बरणी तुझी, जिंकले तर माझी.

तुझी,
नलू

ता. क. बेन्झॉईल सुरू केलं तर मी दिलेला तो निळा अभ्रा काढून ठेव, पांढरा घाल, त्याने कापडाचा रंग उडतो. आमच्या नव्या टॉवेलवर नारिंगी डाग पडले तेव्हा हे महिनाभर कामवाल्या मावशींवर संशय घेत होते, आणि मी गप्प.