मीटर न बदलता परत पाठवणाऱ्या मीटरवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

जुन्या ॲम्बॅसडर, पद्मिनी आणि मारुती 800 सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण पेट्रोलचा काटा बदलून मागतो आणि बहुतेकांना तुम्ही काटा न बदलताच परत पाठवता. हातचं गिऱ्हाईक सोडून त्याला दोष कुठे आहे ते दाखवता, वर पैसेही घेत नाही. त्याबद्दल मनापासून आभार. हे आभार जाहीरपणे मानतोय, कारण तुमची तपासायची पद्धत आणखी चार जणांच्या हाती पडायला हवी.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेट्रोल आणि टेम्परेचर असे दोन्ही काटे बिघडलेत की एकच? या एका प्रश्नात निम्मं काम होतं. दोन स्वतंत्र मीटर एकाच दिवशी बिघडणं अवघड, पण दोघांना वीज देणारी वस्तू एकच असते. काटे सावकाश चढणाऱ्या ब्रिटिश वळणाच्या मीटरांमागे डबीएवढा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. त्यात द्विधातूची पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार. पट्टी तापून वाकली की संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. अशी उघडझाप होऊन मीटरला सरासरी 10 व्होल्ट मिळतात. डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडा 0 आणि 12 च्या मध्ये नाचत राहतो. तो नाच म्हणजे बिघाड समजून चांगला स्टॅबिलायझर फेकून देणारे पुष्कळ आहेत. टेस्ट लॅम्प लावून तो लुकलुकतो का ते पाहा, ही तुमची सूचना जास्त भरवशाची.

खरी मेख आहे ती अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीशी होणाऱ्या विजेच्या जोडणीची. तापणाऱ्या तारेतला प्रवाह डबीच्या पत्र्यातून बॉडीला जातो. डबीचा स्क्रू गंजला किंवा डॅशबोर्डला रंग देताना त्याखाली रंग गेला, की पट्टी तापतच नाही आणि संपर्क कधी उघडत नाही. मग इंजिन चालू असताना मीटरला थेट 14 व्होल्ट मिळतात. अर्धी टाकी पाऊणच्या वर दिसते, इंजिन तापलेलं वाटतं आणि माणूस विनाकारण रेडिएटर साफ करून घेतो. स्क्रू काढायचा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळायचा. दोन्ही काटे शून्यावर पडून असतील तर मात्र आधी फ्यूज बघायचा, मग स्टॅबिलायझरचा संपर्क.

डबी खरोखर गेलीच असेल तर तिच्या जागी 7810 हा स्थिर 10 व्होल्ट देणारा रेग्युलेटर बसवता येतो. इनपुटला 0.33 आणि आउटपुटला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. दोन मीटर मिळून साधारण पाव अँपिअर ओढतात, म्हणजे रेग्युलेटरमध्ये वॅटभर उष्णता तयार होते. म्हणून त्याची पाठ धातूवर बोल्टने आवळायची, तीच त्याची अर्थही असते. मात्र 7810 ला आउटपुटपेक्षा सुमारे 2 व्होल्ट जास्त लागतात. बॅटरी उतरलेली, हेडलाइट चालू आणि गाडी आयडलवर असेल तर काटे खाली येतात. त्यासाठी तुम्ही सुचवलेला 10 व्होल्टचा कमी ड्रॉपआउटवाला (इनपुट आणि आउटपुटमधल्या कमी फरकावर चालणारा) एलएम2940 रेग्युलेटर उत्तम. फक्त त्याच्या आउटपुटला किमान 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर तो स्थिर राहत नाही. ही सगळी जोडणी बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला असलेल्या गाड्यांची. पॉझिटिव्ह बॉडीच्या फार जुन्या गाड्यांना ती लावायची नाही.

एकच काटा बिघडला असेल तर टाकीकडे जायचं. तिथे टाकीतल्या युनिटची (फ्लोटवरून पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची) वायर काढून सरळ बॉडीला टेकवण्याची आपल्याकडे सवय आहे. काटा पूर्ण चढतो हे खरं, पण जास्त वेळ टेकवली तर मीटरच्या आतली तार जळते आणि नसलेला बिघाड तयार होतो. तुम्ही रेझिस्टर वापरायला शिकवलंत. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या द्विधातू मीटरला 22 ओहम लावला की काटा फुल्लच्या आसपास, 68 ला अर्ध्यावर, 240 ला रिकाम्यावर यायला हवा. रेझिस्टर अर्ध्या किंवा एक वॅटचा घ्यायचा आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबायचं, कारण हा काटा तापून हळूच सरकतो. तिन्ही ठिकाणी बरोबर आला तर मीटर आणि वायर निर्दोष; दोष युनिटचा किंवा त्याच्या अर्थचा. हे आकडे सगळ्या गाड्यांना लागू नाहीत. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या युनिटमध्ये रिकाम्याला 10 आणि फुल्लला 180 ओहम, म्हणजे बरोबर उलटं. बाजारातून एका जातीचं मीटर आणि दुसऱ्या जातीचं युनिट आणलं की टाकी भरताना काटा खाली का जातो, ते यावरून कळतं.

युनिटमध्ये दोन गोष्टी झिजतात. एक म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, ज्यावरून फ्लोटचा दांडा घासत जातो. नेहमी अर्धीच टाकी ठेवणाऱ्या गाडीत ते मधोमध झिजतं आणि काटा तेवढ्याच जागी अचानक कोसळतो. दुसरा पितळी फ्लोट. त्याला सुईएवढं भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. कानाशी हलवला तर आवाज येतो. गरम पाण्यात बुडवला तर बुडबुडे भोक दाखवतात. आत पेट्रोल असताना त्याला सोल्डर लावू देत नाही, यासाठी तुम्ही गिऱ्हाइकाशी भांडता, आणि ते योग्यच आहे. युनिट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, टाकी पाव भागाच्या खाली आणायची, युनिट धरून ठेवणारी रिंग फिरवायला पोलादी छिन्नी न घेता पितळी किंवा लाकडी तुकडा घ्यायचा. गॅस्केट नेहमी नवी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, म्हणून व्हायटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, मिळाली तर तीच.

कोकणातल्या गाड्यांना तुम्ही युनिटपासून बॉडीपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची वेगळी अर्थ वायर टाकायला लावता. खारी हवा टाकीचे बोल्ट आतून खाते, त्यामुळे ही एक वायर नव्या युनिटचा खर्च वाचवते.

टेम्परेचरचा काटा कायम खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का, हे तुम्ही आधी विचारता. आपल्याकडे गाडी तापली की तो काढूनच टाकतात. मग इंजिन थंड राहतं आणि काटा खरं तेच दाखवतो. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळले तरी अर्थ तुटू शकते.

स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर केबल बाहेर काढा, काचेवर लोळवा, वाकडी असेल तर बदला. वळण 15 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको. ग्रीस फक्त खालच्या भागाला. वरचे 20 सेंटिमीटर कोरडे ठेवायचे, कारण फिरणारी केबल ग्रीस वर चढवते आणि ते मीटरच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत शिरलं की काटा चुकीचा आकडा दाखवू लागतो. मीटर बदलावंच लागलं तर जुन्या किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी तुम्ही मालकासमोर आत चिकटवता. पुढे गाडी घेणाऱ्या, तुम्हाला कधी न भेटणाऱ्या माणसासाठी तुम्ही हे करता. त्याच्या वतीनेही आभार.

22, 68 आणि 240 ओहमचे रेझिस्टर, प्रत्येकी दोन चिमटे आणि कॉपर लग लावून, आम्ही काही संच तयार केले आहेत. सोबत पाठवतोय. काटा बदलून मागणाऱ्या पुढच्या माणसाला एक द्या.

आपले,
जुन्या गाड्या सांभाळणारी मंडळी