काँक्रीट ओतण्याआधी खालची पाइपलाइन बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची मोजणी गेल्या आठवड्यात झाली. रस्ता हवाच आहे. पण त्याखालची पाण्याची लाइन जुन्या एसी पाइपची, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटची आहे आणि ती बदलण्याचा अंदाजपत्रकात उल्लेखच नाही. या उन्हाळ्यात ती आमच्या घरासमोर तीनदा फुटली. तिसऱ्या वेळी मी खड्ड्यापाशीच उभा होतो. फिटरने काढलेल्या तुकड्याला आतून नख लावले, तर ओल्या खडूसारखा थर निघून आला.

हे पाइप गंजत नाहीत, म्हणून एकेकाळी सर्रास टाकले गेले. मात्र त्यांच्या सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर हळूहळू निघून जातो आणि मातीत सल्फेट असेल तर ते बाहेरून पोखरते. वरून पाइप धडधाकट दिसतो, भिंत मात्र मऊ पडलेली असते. त्यात आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. लोखंडी पाइप थोडाफार ताण सोसतो, हा कडाकन आडवा मोडतो. दिवसाआड पाणी सोडताना व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की दाबाचा धक्का बसतो तो वेगळाच. पाणी बंद असताना शेजारच्या गटाराचे पाणी त्याच फटींतून आत शिरते, आणि मग घरोघरी जुलाब सुरू होतात.

लाइनीची खरी अवस्था कळायला मोठी यंत्रणा लागत नाही. फुटलेल्या तुकड्याच्या ताज्या कापावर फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकावेत. शाळेच्या प्रयोगशाळेतही हे रसायन असते. जिथे चुना शाबूत आहे तो भाग गुलाबी होतो, झिजलेला तसाच राहतो. दर फुटीला एवढे करून नोंद ठेवली असती, तर आधी कोणती गल्ली घ्यायची हे आज कागदावर असते.

या पाइपमधून आलेले पाणी प्यायल्याने कॅन्सर होतो, अशी भीती काही जण घालतात. तसा ठोस पुरावा नाही. धोका श्वासातून जाणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा आहे, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आमचा फिटर मात्र तोंडाला रुमालही न बांधता कटरने कोरडा पाइप कापतो, पांढरी धूळ त्याच्या तोंडावर बसते आणि तुकडे पोरे खेळतात त्या कडेलाच पडून राहतात. पाइप ओला करून हातकरवतीने कापायला आणि त्याला चांगला मास्क द्यायला असा कितीसा खर्च येणार आहे?

जुनी लाइन उपसायचीही गरज नाही. ती बंद करून जमिनीतच राहू द्यावी, म्हणजे धूळ उडणार नाही. नवी डीआय (न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाची) किंवा एचडीपीई (मजबूत प्लास्टिकची) लाइन रस्त्याच्या कडेने टाकून घरोघरची नळजोडणी काँक्रीटच्या आधी करून घ्यावी. नाहीतर पहिल्याच फुटीला नवा रस्ता ब्रेकरने फोडावा लागेल. खोदाई अजून सुरू झालेली नाही, अंदाजपत्रक दुरुस्त करायला वेळ आहे.

– एक नळधारक, वऱ्हाड