बाबांच्या पोटाच्या तक्रारीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या मुक्कामात बाबा पाऊण तासाने शौचालयातून बाहेर आले आणि कपाळावरचा घाम पुसत नुसतेच पलंगाच्या कडेला टेकले, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा, या विषयावर बोलायला तुम्हाला संकोच वाटतो हे मी जाणते. पण कुंथण्याने मूळव्याध बळावते आणि उतारवयात घेरीही येऊ शकते, म्हणून लिहिते आहे.

पोट रोज साफ झालेच पाहिजे असे नाही. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, यांतले काहीही निरोगी माणसाचे असू शकते. मला काळजी आहे ती तुमची नेहमीची सवय अचानक बदलल्याची. आठवून पाहा, शौचाला खडा होऊ लागला तो गुडघ्यासाठी ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि रक्तवाढीसाठी लोहाची गोळी सुरू झाल्यावर. या दोन्हींमुळे बद्धकोष्ठता होऊ शकते. गोळ्या परस्पर बंद करू नका, मात्र सगळी पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवा आणि थायरॉइड तपासायला हवे का, तेही विचारा.

आई, तू प्रेमाने इसबगोल देतेस, पण अर्ध्या वाटी पाण्यात कालवलेल्या त्या भुशाचा पाहता पाहता चिकट गोळा झालेला मी पाहिला. त्याला पेलाभर पाणी लागतेच. शिवाय ट्रामाडॉलसारख्या औषधाने आतड्याची हालचालच मंदावलेली असताना भुसा वाढवला, तर तो आत अडकून बसण्याची भीती असते. अशा वेळी मलात पाणी ओढून आणणारे लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, नाहीतर आतड्याला चालना देणारे औषध अधिक योग्य ठरते. कोणते आणि किती, हे डॉक्टर सांगतील. लॅक्ट्युलोजचा गुण यायला 2 दिवस लागू शकतात, तेव्हा पहिल्याच रात्री मात्रा वाढवू नका.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडी आपसूक जागी होतात, त्या वेळी बसावे, आणि पायांखाली लहान स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर ठेवावेत, म्हणजे गुदद्वाराजवळचा आवळलेला स्नायू सैलावतो. कळ आली की थांबवून धरू नये.

मलातून रक्त दिसले, वजन घटले, किंवा पोट फुगून उलट्या होऊन वायूही सरेनासा झाला, तर माझ्या फोनची वाट न पाहता दवाखाना गाठा.

रविवारी फोन करीन, तेव्हा गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवा. नावे मी लिहून घेईन.

तुमची लेक