बटणाच्या धड्यात बरोबर उत्तर चूक ठरवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

विषय : वेब प्रोग्रॅमिंगच्या मराठी कोर्समधील सदोष धडा व तपासणी

महोदय,

खानापुरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. नंदगड, जांबोटी, लोंढा भागातली, मराठी शाळेत शिकलेली मुलं येतात. त्यांना कळेल अशा भाषेतला कोर्स म्हणून मी तुमच्याकडे क्लाससाठी पूर्ण फी भरली. सुरुवातीचे धडे चांगले आहेत. घोळ बटणाच्या धड्यापासून सुरू होतो.

व्हिडिओत शिक्षक बटण आणि त्याखालचा परिच्छेद एकाच ओळीत, मध्ये जागा न सोडता लिहितात आणि क्लिक झाल्यावर ‘नेक्स्ट सिब्लिंग’ने, म्हणजे कोडमध्ये लगेच पुढे असेल ते हाती देणाऱ्या शब्दाने, परिच्छेद उघडतात. तिथे ते चालतं. सरावाच्या फाइलमध्ये मात्र तुम्हीच दोन्ही टॅग वेगवेगळ्या ओळींवर दिलेत. मधली ती मोकळी जागा ब्राउझरच्या लेखी टेक्स्ट नोड, म्हणजे मजकुराचा वेगळा तुकडा असते; त्याचा प्रकार क्रमांक, म्हणजे नोडटाइप, ३. नेक्स्ट सिब्लिंग मग परिच्छेदाऐवजी तीच हाती देतं. तिला ‘क्लासलिस्ट’, म्हणजे परिच्छेद उघडण्यासाठी बदलायची क्लासच्या नावांची यादी, नसते, त्यामुळे कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल एरर. कुंदा या बेळगावी मिठाईचे दर दाखवणारं पान करणारी एक मुलगी इथेच अडली. तिनं मोकळी जागा वगळून थेट पुढचा टॅग देणारं ‘नेक्स्ट एलिमेंट सिब्लिंग’ वापरलं, पान व्यवस्थित चाललं, आणि तुमच्या तपासणीनं उत्तर चूक ठरवलं! त्या यंत्रणेला चालणारं पान दिसतच नाही, ठरलेला शब्द तेवढा दिसतो. शेवटी काही मुलांनी पास होण्यासाठी चालणारा कोड खोडून न चालणारा लिहिला. व्हिडिओतली उणीव मी वर्गात भरून काढते हो, पण या गुणांचं काय करू?

फॉर्मच्या सरावातल्या बटणाला टाइपच, म्हणजे ते कोणत्या प्रकारचं बटण आहे हेच, दिलेलं नाही. फॉर्मच्या आत असं बटण सबमिटचंच, म्हणजे फॉर्म पाठवण्याचंच, काम करतं, म्हणून क्लिक करताच पान पुन्हा लोड होतं आणि उत्तर चमकून गायब. हे आपोआप पाठवणं थांबवणाऱ्या ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’चा धड्यात उल्लेखही नाही. तुमच्या मदत कक्षाचं उत्तर आलं, ‘इंटरनेट तपासा.’ आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, नेटही जातं, मान्य. पण टाइपमध्ये ‘बटन’ लिहिल्याबरोबर सगळं सुरळीत झालं, ते काय नेट सुधारल्यामुळे?

तेव्हा दोन्ही सराव दुरुस्त करा, तपासणी पानाच्या वागण्यावरून होऊ द्या आणि कापलेले गुण मुलांना परत द्या. हे जमणार नसेल तर फी परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं आहे, ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असा तयार मेसेज नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मला बेळगावच्या पुढे जावं लागणार नाही.

आपली,
क्लास संचालिका,
खानापूर, जि. बेळगाव

सोबत : फी भरल्याची पावती, कन्सोलचे स्क्रीनशॉट, मदत कक्षाचं उत्तर