केरीच्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही पाना घेऊन गाडीखाली शिरता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

चोर्ला घाटात आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला, तेव्हा गाडी वळवून हळूहळू केरीला उतरलो. मागे ओटा, पलंग, न्हाणी असा अख्खा संसार. "पाणी ओता आणि चला," असं सांगणारे वाटेत भेटलेच. तुम्ही मात्र रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू दिला नाहीत. "मातशें रावात," म्हणालात आणि इंजिन पार निवेपर्यंत चहा पाजलात. ते झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, हे त्या चहावरच कळलं. आत १ बार दाब धरून ठेवला, तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आमच्या झाकणाचं रबर दगड झालं होतं, दाब टिकणार कुठून?

गाडी आधी ज्यांच्याकडे होती त्यांनी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं. गोव्यात कुठे बर्फ पडतो, मग पाण्याऐवजी न गोठणारं कूलंट हवं कशाला, असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. बर्फाचं सोडा हो, गंजाचं काय? कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपली की बिडाचं इंजिन आतून झडायला लागतं आणि तो चुरा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

रेडिएटरचा खालचा कॉक सोडला की बहुतेकांचं काम संपतं. तुम्ही इंजिन ब्लॉकचा बोल्टही काढलात. तिथून थेंब येईना. मग तार घालून ढोसलंत आणि भसकन जे बाहेर आलं ते पहिल्या पावसातल्या ओहोळासारखं, लालभडक आणि गाळाने भरलेलं. ते सगळं टबात धरून झाकणाच्या कॅनमध्ये भरलंत, कारण गॅरेजातली कुत्री जवळच घुटमळत होती. कूलंट चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. गटारात सोडून मोकळे होणारे आम्ही पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन झाल्यावर तुम्ही जो हिशेब मांडलात तो अजून डोक्यात आहे. इंजिन आणि रेडिएटरचे १० लिटर. पण आमच्या गाडीत न्हाणीचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर तापतं, त्याच्या नळ्या फरशीखालून पार मागेपर्यंत जातात. १६ मिलिमीटरची नळी, मीटरला साधारण २०० मिलिलिटर, जाऊन-येऊन १० मीटर. म्हणजे आणखी २ लिटर, एकूण १२. आणि धुतलेलं थोडं पाणी आत राहतंच. त्यामुळे आयतं मिसळलेलं कूलंट ओतलं असतं तर ते पातळ झालं असतं. म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, मग आधी ६ लिटर निव्वळ कूलंट आणि उरलेल्या जागेत पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. निम्मं-निम्मं प्रमाण बरोबर जमलं. इतकं साधं गणित, पण ते करायला कुणी थांबत नाही.

हवा काढण्यात मात्र तुमचा खरा कस लागला. पुढची चाकं चिऱ्यांवर चढवलीत, हीटर पूर्ण गरमवर आणि झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवलंत. बुडबुडे थांबले, रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, तापला; आम्हाला वाटलं झालं. तुम्ही आडवे होऊन मागच्या नळीला हात लावलात, ती थंडगार. न्हाणीच्या टाकीपाशी सगळ्यात उंच जो जोड आहे, त्याची क्लिप सैल केलीत, फुस्स करून हवा गेली, मागोमाग हिरवी धार आली आणि लगेच क्लिप आवळलीत. तेवढी हवा आत राहिली असती तर घाटात पुन्हा तोच तमाशा.

त्यानंतर चोर्ला चढून बेळगावला जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही.

पैसे सामानाचे घेतलेत, मजुरीचं विचारलं तर "बघू मागाहून" म्हणालात. हे काही बरोबर नाही, काका. चतुर्थी झाली की येतोय. तुम्ही दाबून करकर आवाज ऐकवलात तो मागचा होजही तेव्हाच बदलायचा आहे. नवा आणून ठेवा, आणि दोन्हींचा हिशेब कागदावर लिहून ठेवा.

आपले,
ट्रॅव्हलरवाले