सील बदलण्याआधी पाइपावरून नख फिरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागलं तर काय करावं, याबद्दल आपल्या पुरवणीत लेख आला. त्यावर ‘असली कामं घरी करू नयेत’ असं बजावणारं एका वाचकाचं पत्रही नंतर छापून आलं. माझी सगळी नोकरी हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत गेली. सील (तेल अडवणारं रबरी कडं), रॉड आणि तेल यांच्याशी रोजचीच झटापट. मोटारसायकलचा फोर्क, म्हणजे हाच पुढचा शॉकअप, त्याच कुळातला, म्हणून हे पत्र.

आधी त्या वाचकांना उत्तर. फोर्क साधा असेल, म्हणजे चकचकीत पाइप वर आणि ॲल्युमिनियमचं नळकांडं खाली, गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून गाडी हलणार नाही अशी उभी करता येत असेल, तर हे काम घरी खुशाल करावं. उलटा फोर्क असेल तर पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे स्प्रिंग दाबून धरायला वेगळी हत्यारं लागतात.

लेखकाशी माझा मतभेद वेगळा आहे. त्यांनी सगळं खापर सीलवर फोडलंय. ‘सील जुनं झालं, बदला’ एवढ्यावर प्रकरण मिटवलंय. माझा अनुभव असा, की नवं सील घालूनही काही दिवसांत तेल परत येतं तेव्हा दोष बहुधा पाइपात असतो. आमच्याकडे प्रेसच्या रॉडवरून हात न फिरवता कुणी नवं सील बसवायला घेतलं, तर फोरमन त्याला वर्कशॉपमधून बाहेर काढायचा.

माझ्या पुतणीच्या गाडीचं हेच झालं. डाव्या बाजूचं सील एका गॅरेजात बदललं, पुन्हा गळलं, पुन्हा बदललं. ‘माल डुप्लिकेट आला असेल’ असं तिला सांगण्यात आलं. ती गाडी घेऊन आली तेव्हा मी काही न उघडता फक्त डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारं बाहेरचं रबर, वर सरकवलं, पाइप स्वच्छ पुसायला लावला आणि म्हटलं, “आता वरून खाली नख फिरव. सावकाश. सगळीकडून.” पाइपाच्या पुढच्या बाजूला, सीलच्या थोडंसं वर, तिचं नख थांबलं. “काका, इथे अडकतंय. दिसत तर काहीच नाही.” तिरपा उजेड टाकल्यावर दिसलं. उडालेल्या खड्याची खूण, तांदळाच्या कणीएवढी, आणि तिच्या कडेला क्रोम वर उचललेलं. गाडी खड्ड्यात गेली की ही धार सीलच्या ओठावरून, म्हणजे पाइपाला टेकणाऱ्या आतल्या कडेवरून, खाली जायची आणि वर यायची. असं असताना कितीही अस्सल सील आणा, ते कापलंच जाणार.

दोष कुठे आहे हेही बघावं लागतं. फोर्क दबताना पाइपाचा जो भाग सीलमधून ये-जा करतो, तेवढाच महत्त्वाचा. त्याच्या वर, हँडलजवळ गंज असेल तर तो दिसायला वाईट, पण तेल काढत नाही. कामाच्या पट्ट्यात नुसती उचललेली धार असेल तर बारीक ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) किंवा १००० नंबरच्या पुढच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, ती उतरवता येते. घासायचं ते पाइपाभोवती गोल, उभं नाही. उभा ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर यायला आयती वाट. मात्र क्रोमखाली गंज शिरून खड्डे पडले असतील तर घासून उपयोग नाही. पाइप बदला किंवा ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या. पाइप वाकलेला असेल, पाइपाला आधार देणारे आतले बुश झिजले असतील, तरी नवं सील टिकत नाही, कारण पाइप एका अंगाला रेलतो आणि ओठ एकाच बाजूने घासला जातो. पाइप सुटा झाला की सपाट काचेवर लोळवून बघावा, वाक लगेच कळतो.

उलट, काही वेळा सील बदलायचीही गरज नसते. पाइपावर वाळलेला चिखल किंवा चिकटलेले किडे डस्ट सीलला चकवून आत जातात आणि ओठाखाली अडकतात. पातळ, लवचीक प्लास्टिकची पट्टी घ्यावी, टोकाला आकड्यासारखी खाच कापावी आणि ती सील व पाइपाच्या फटीतून गोल फिरवून घाण बाहेर ओढावी. फोर्क दाबून सोडून पुसावा. तेल थांबलं तर काम झालं. पाइपावर तेलाचा पुसटसा ओलावा दिसणं हे तसंही गळणं नव्हे, तेवढा थर ओठाला वंगण म्हणून लागतोच. ओघळ उतरू लागला की मात्र चालढकल नको, कारण खाली ब्रेक आहे. लेखात यावर एक ओळही नाही. ब्रेक पॅडने तेल प्यायलं की ते धुऊन, तापवून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी, पॅड नवे घालावेत.

प्रत्यक्ष काम मॅन्युअलमध्ये असतंच, ते सगळं इथे लिहीत नाही. जिथे लोक अडतात तेवढं सांगतो. फोर्कच्या तोंडावरचं झाकण, फोर्क गाडीला असतानाच थोडं ढिलं करावं, त्याआधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून. पुढे झाकण पूर्ण काढताना तोंड त्याच्यावर नेऊ नये, खाली दबलेली स्प्रिंग आहे. तळाचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच, फोर्क दाबून धरून ढिला करावा. स्प्रिंग आधी काढली की आतली दांडी बोल्टबरोबर गरागरा फिरत बसते आणि मग माणूस बोल्टचं डोकं खाऊन ठेवतो. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा.

पुतणीच्या फोर्कमधून जे निघालं त्याला तेल म्हणायचं म्हणून म्हणायचं. राखाडी पाणी, ॲल्युमिनियमची चमक असलेलं, आणि वास कुजलेल्या मासळीचा. नाक दाबून म्हणाली, “हे कधीच बदललं नव्हतं वाटतं.” दोन वेळा सील बदललं, पण आतला तळ धुतला नव्हता. असल्या गाळात नवं सील काय टिकणार? रॉकेलने सगळं धुतलं, सुकवलं, तळाच्या बोल्टला नवा कॉपर वॉशर घातला.

सील आणताना नुसते आकडे जुळवून आणू नये. समजा ४१×५४×११ मिलिमीटर हवंय, त्याच मापाचं फिरत्या शाफ्टचं सीलही दुकानात मिळू शकतं. ते गोल फिरणाऱ्या दांडीसाठी बनवलेलं असतं. वरखाली सरकणाऱ्या पाइपावर ते फार काळ तग धरत नाही. गाडीचं नाव सांगून फोर्कचंच सील मागावं आणि दोन्ही बाजूंचं एकदम बदलावं. बसवताना पाइपाच्या वरच्या धारदार काठावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढावी, ओठाला फोर्कचं तेल लावावं, अक्षरांची बाजू वर ठेवावी. ठोकायला त्या मापाचा पीव्हीसी पाइप, मध्ये जुनं सील. सील अडवून धरणाऱ्या लॉकची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत सरळ खाली न्यायचं. ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो, तेव्हा ते तळाला टेकलेलं असतं. पेचकसाने एका कडेने ठोकणाऱ्याला मी हातोडीच देणार नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते. लेखात एक वाक्य आहे, की गळतीची भरपाई म्हणून ‘तेल थोडं जास्त घातलं तरी बिघडत नाही’. हे चूक आहे आणि वाचकाच्या खिशाला महाग पडणारं आहे. फोर्कमध्ये तेलावर हवा असते आणि फोर्क दबला की ती दबते. समजा वर २०० मिलिलिटर हवा आहे आणि पूर्ण दबल्यावर जागा १२० ने कमी होते. उरली ८०, म्हणजे दाब अडीचपट. आता तेल ४० मिलिलिटर जास्त घाला. हवा १६०, दबल्यावर उरली ४०, दाब चौपट. तो सगळा भार नव्याकोऱ्या सीलच्या ओठावर. तेलाचा ग्रेड आणि माप मॅन्युअलप्रमाणेच हवं, फोर्कच्या दोन्ही पायांत सारखं. माप मिलिलिटरमध्ये दिलेलं असेल तर मोजपात्राने. पाइपाच्या तोंडापासून मिलिमीटरमध्ये दिलेलं असेल तर सहसा स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला ठेवून, पट्टीने. त्याआधी फोर्क सावकाश वरखाली करून आतली हवा काढून घ्यावी, नाहीतर पातळी फसवते.

तेवढ्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. आणि जमल्यास लेखकांना विचारावं, की ते काढलेलं तेल कुठे टाकायला सांगतात. लेखात ‘फेकून द्यावे’ एवढंच आहे. गटारात आणि झाडाच्या बुंध्याशी नको, बाटलीत बंद करून जळकं तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावं, असं त्यातच जोडलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर